‘पर्पिट्रेट’ आणि ‘पर्पेच्युएट’

इंग्रजी तक्रारअर्जांत हे दोन शब्द एकमेकांच्या जागीं पडलेले पुष्कळदां आढळतात. कानाला ते सख्खे भाऊ वाटतात. परंतु त्यांचें कूळ निराळें आहे. ‘पर्पिट्रेट’ म्हणजे दुष्कृत्य करणें. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ केवळ ‘तडीस नेणें’ असा होता, मग कृत्य बरें असो वा वाईट. इंग्रजींत तें १६ व्या शतकांत कायद्याच्या भाषेंतून, गुन्ह्यांच्या संबंधानें आलें आणि जन्मतःच डागाळलें. खून, कपट, अत्याचार ह्यांनाच तें शोभतें. ‘दानधर्म पर्पिट्रेट केला’ म्हटल्यास हंसें होईल. भिकार कोटी करणाऱ्यास मात्र इंग्रज थट्टेनें तोच शब्द लावितो.

‘पर्पेच्युएट’ म्हणजे पुढें चालू ठेवणें. आरंभ कोणींही केलेला असो. म्हणून जुना अन्याय ज्यानें चालू ठेवला त्यास पहिला शब्द लावणें म्हणजे न केलेल्या कृत्याचा आरोप होय. आणि ज्यानें तो स्वतः केला त्यास दुसरा लावणें म्हणजे अर्धें सोडून देणें.

‘पर्पिट्रेट’चें कर्म नेहमीं कृत्य असतें, माणूस नव्हे, माणसापूर्वीं ‘ऑन’ किंवा ‘अगेन्स्ट’ हवा. साध्या चुकीला तर ‘मेक’ पुरे.