ड्राइव्हचा दोष-संकेत आणि संगणक : सीएनसी यंत्रातील सुरक्षित जोडणी

हौसेने बांधलेल्या किंवा महाविद्यालयीन कार्यशाळेतील छोट्या सीएनसी यंत्रात संगणक आज्ञा देतो व ड्राइव्ह मोटर फिरवतो. साध्या स्टेपर मोटरच्या यंत्रात संगणक केवळ स्पंद पाठवतो. मोटर खरोखर फिरली की नाही, हे त्याला कळत नाही. अतिप्रवाहामुळे एका अक्षाचा ड्राइव्ह बंद पडला तरी इतर अक्ष चालूच राहतात. टूल मोडते, काम वाया जाते आणि शेजारी उभ्या विद्यार्थ्याला इजाही होऊ शकते. हे टाळण्यासाठी अनेक ड्राइव्हवर ‘अलार्म’ची दोन टोके दिलेली असतात. ती संगणकाला कशी जोडावीत, याचा येथे विचार करू.

पहिला प्रश्न व्होल्टेजचा. नियंत्रण पेटीतील संकेत बहुधा 24 व्होल्टचे असतात, तर जुन्या संगणकाचा पॅरलल पोर्ट 5 व्होल्टचा असतो. थेट जोडणी केल्यास पोर्ट जळण्याचा धोका असतो. म्हणून मध्ये ऑप्टोकपलर घालावा. त्यात एका बाजूला एलईडी व दुसऱ्या बाजूला प्रकाशाने चालू होणारा ट्रान्झिस्टर असतो. दोहोंमध्ये तारेचा संबंध नसतो. हे विलगीकरण टिकवायचे असेल, तर दोन्ही बाजूंचे ग्राउंड एकत्र जोडू नयेत.

रोधकाचा हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घेण्याजोगा आहे. 24 व्होल्टमधून एलईडीचे सुमारे 1.2 वजा केल्यास 22.8 व्होल्ट उरतात. 2.2 किलोओहमच्या रोधकातून सुमारे 10 मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. रोधकात सुमारे 0.24 वॅट उष्णता निर्माण होते. म्हणून पाव नव्हे, अर्ध्या वॅटचा रोधक घ्यावा. अलार्मचे आउटपुट किती व्होल्ट व किती प्रवाह सोसते आणि त्याची ध्रुवता कोणती, हे आधी माहितीपुस्तिकेत पाहावे.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. दोष आल्यावरच प्रवाह सुरू होईल अशी जोडणी केली आणि तार तुटली, तर दोष येऊनही संगणकाला काहीच कळणार नाही. म्हणून जोडणी उलट हवी : सर्व ठीक असताना प्रवाह सतत वाहावा व दोष येताच तो खंडित व्हावा. मग तुटलेली तार, सैल स्क्रू किंवा गेलेला 24 व्होल्टचा पुरवठा, हे सारे दोष म्हणूनच नोंदले जाते. अनेक ड्राइव्हची अशी आउटपुटे एकामागे एक जोडल्यास एकच इनपुट पुरते. पॅरलल पोर्टवर 10, 11, 12, 13 व 15 या पाच पिना इनपुटच्या आहेत. त्यांपैकी 11 क्रमांकाची पिन संगणकात उलटी वाचली जाते, हे सॉफ्टवेअरची मांडणी करताना ध्यानात ठेवावे.

स्पिंडलच्या इन्व्हर्टरमुळे खोटे दोष येऊ शकतात. त्यासाठी आवरणयुक्त केबल वापरावी व ती मोटरच्या तारांपासून दूर न्यावी. दोष गेल्यावर यंत्र आपोआप सुरू होऊ नये; चालकाने कारण पाहून ते पुन्हा चालू करावे.

एक मर्यादा मात्र विसरू नये. हा संकेत आणीबाणीच्या लाल बटणाचा पर्याय नाही. त्या बटणाने सॉफ्टवेअरवर विसंबून न राहता काँटॅक्टरमार्फत ड्राइव्हचा वीजपुरवठा थेट तोडला पाहिजे.

जोडणी झाल्यावर चाचणी घ्यावी. स्पिंडल बंद ठेवून, टूल काढून यंत्र हवेत चालवावे व अलार्मच्या 24 व्होल्टच्या मंडलात टाकलेला छोटा स्विच उघडून तार तुटल्याची स्थिती निर्माण करावी. सर्व अक्ष तत्काळ थांबले, तरच विद्यार्थ्यांना यंत्राजवळ येऊ द्यावे.