तेरापैकी तेरा, तरीही पाचवे

घड्याळात १८ सेकंद उरली होती आणि जायचं होतं १८ यार्ड पुढे. १ जानेवारी २००७ ची रात्र. ॲरिझोना राज्यातल्या ग्लेनडेलचं नवंकोरं स्टेडियम ७३ हजार प्रेक्षकांनी भरलेलं. एका बाजूला ओक्लाहोमा, म्हणजे सात राष्ट्रीय विजेतेपदांची मिरास असलेलं अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधलं बडं घराणं. दुसऱ्या बाजूला आयडाहो राज्यातलं बॉयसी स्टेट. दहा वर्षांपूर्वीच ते वरच्या श्रेणीत दाखल झालेलं, आणि देशभर त्याची ओळख मुख्यतः बटाट्याच्या मुलखातलं निळ्या मैदानाचं कॉलेज एवढीच. बॉयसी सात गुणांनी मागे होतं आणि शेवटचा प्रयत्न हातात होता.

हा फुटबॉल कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर रंगतो तो नव्हे. हेल्मेट आणि खांद्यावर चिलखत घालून अकरा-अकरा जण लंबगोल चेंडूसाठी एकमेकांवर तुटून पडतात, तो हा खेळ. ज्याच्याकडे चेंडू आहे त्या संघाने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे. यार्ड म्हणजे मीटरपेक्षा जरा कमी. समोरच्या टोकाच्या पट्टीत चेंडू नेला की टचडाउन, त्याचे सहा गुण. त्यानंतर चेंडू खांबांमधून मारला तर आणखी एक, आणि तो मोह सोडून पुन्हा एकदा पट्टीत घुसायची जोखीम घेतली व ती साधली तर दोन. हा शेवटचा नियम लक्षात असू द्यावा. या कहाणीचा सगळा शेवट त्याच्यावर आहे.

बॉयसीचे तीन प्रयत्न संपले होते आणि संघ पुढे जाण्याऐवजी आठ यार्ड मागे आला होता. चौथ्या प्रयत्नात क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, जॅरेड झब्रान्स्कीने मधोमध धावणाऱ्या ड्रिसन जेम्सकडे चेंडू फेकला. जेम्सने तो झेलला, पण हवं तेवढं अंतर अजून कापलं गेलं नव्हतं. ओक्लाहोमाचे बचावपटू त्याच्यावर झेपावले आणि त्याच क्षणी जेम्सने उलट्या दिशेने पळत येणाऱ्या जेरार्ड रॅबकडे चेंडू अलगद सोडला. सगळा बचाव एकीकडे, चेंडू दुसरीकडे. उरलेलं अंतर रॅबने एका दमात कापलं आणि कोपऱ्यात सूर मारला. सात सेकंद बाकी, ३५-३५.

संघाच्या डावपेचांच्या वहीत या चालीचं नाव होतं ‘सर्कस’.

बॉयसी हे आयडाहोच्या राजधानीचं शहर, रॉकी पर्वतरांगांच्या पश्चिमेला. बटाट्यावर गब्बर झालेल्या जे. आर. सिम्प्लॉट यांचं साम्राज्य इथलंच आणि त्यांच्याच पैशाच्या टेकूवर उभी राहिलेली मेमरी चिप बनवणारी मायक्रॉन कंपनीही इथलीच. इथलं कॉलेज १९३२ मध्ये चर्चच्या आधाराने सुरू झालं, ते दोन वर्षांचं छोटं महाविद्यालय म्हणून. चार वर्षांचा अभ्यासक्रम आला १९६५ मध्ये, विद्यापीठाचा दर्जा १९७४ मध्ये. फुटबॉलमध्येही चढण अशीच पायरीपायरीने झाली. १९८० मध्ये खालच्या श्रेणीचं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं, १९९६ मध्ये सर्वोच्च श्रेणीत प्रवेश.

तोवर लोकांच्या लक्षात राहिली होती ती एकच गोष्ट: मैदान. १९८६ मध्ये जुनं कृत्रिम गवत बदलायची वेळ आली तेव्हा क्रीडा संचालक जीन ब्लायमायर यांच्या डोक्यात आलं, की एवढा पैसा ओतून पुन्हा हिरव्यावर हिरवंच कशाला अंथरायचं? त्यांनी कॉलेजचा निळा रंग निवडला. हिरवं नसलेलं फुटबॉलचं मैदान तोवर कुणी पाहिलं नव्हतं. पाहुणे संघ हसले. टीव्हीवर सामना लावणाऱ्याला आधी वाटे, संचच बिघडला. पण रिमोट फिरवता फिरवता या निळाईवर माणूस थांबे आणि एका आडबाजूच्या कॉलेजला तेवढंच हवं होतं.

२००६ चा हंगाम मात्र आधीच्या वर्षाच्या जखमा घेऊन सुरू झाला. २००५ च्या पहिल्याच सामन्यात जॉर्जियाने बॉयसीला ४८-१३ असं धुतलं. त्यात झब्रान्स्कीने पूर्वार्धातच चार वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात फेकला, दोनदा हातातून सांडला आणि बाकावर जाऊन बसला. डिसेंबरात मुख्य प्रशिक्षक डॅन हॉकिन्स यांनी कोलोराडो विद्यापीठाची मोठी नोकरी धरली. वर्षअखेरीला बॉस्टन कॉलेजने येऊन बॉयसीला त्यांच्याच निळ्या मैदानावर हरवलं. मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची मिळाली हॉकिन्स यांचे सहायक ख्रिस पीटरसन यांना. आक्रमणाच्या चाली ठरवायचं त्यांचं जुनं काम गेलं ब्रायन हार्सिन या तिशीच्या, बॉयसीतच वाढलेल्या तरुणाकडे. झब्रान्स्कीला पीटरसन यांनी काढलं नाही.

सॅक्रामेंटो स्टेटला ४५-० हरवून सुरुवात झाली. पुढच्या आठवड्यात ओरेगन स्टेटविरुद्ध इयन जॉन्सन नावाचा दुसऱ्या वर्षाचा धावपटू २४० यार्ड पळाला आणि त्याने पाच टचडाउन केले. हा गडी मजेशीर होता. मैदानावर तो माणसांच्या भिंतीत मुसंडी मारे आणि फावल्या वेळात क्रोशाची सुई घेऊन लोकरीच्या टोप्या विणे. वर्तमानपत्रांना असा खेळाडू म्हणजे पर्वणीच. पण टोप्यांच्या बातम्यांच्या आड त्याचे आकडे लपण्यासारखे नव्हते: हंगामात १,७१३ यार्ड आणि २५ टचडाउन.

यूटाचा ३६-३ असा फडशा पडला, हवाईला ४१-३४ असं निसटतं हरवलं. नोव्हेंबरात सॅन होजे स्टेटने मात्र घाम फोडला. शेवटच्या क्षणाला अँथनी माँटगोमेरीने चेंडू खांबांमधून मारला तेव्हा कुठे २३-२० अशी सुटका झाली. त्या सामन्यात जॉन्सनच्या फुप्फुसाला इजा झाली आणि पुढच्या सामन्यात त्याला बसून राहावं लागलं. शेवटी नेव्हाडाला ३८-७ हरवून हिशेब पूर्ण झाला: बारा सामने, बारा विजय.

आता कुणीही विचारील, की बारा सामने जिंकले म्हणजे विजेतेपदाचा सामना यांचाच ना? नाही. कॉलेज फुटबॉलमध्ये त्या काळी बाद फेरी नव्हतीच. शंभरावर संघ आणि प्रत्येकाच्या वाट्याला डझनभर सामने. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळणं अशक्य. म्हणून १९९८ पासून ‘बाउल चॅम्पियनशिप सिरीज’ ही व्यवस्था आली. मतदारांच्या दोन याद्या आणि काही संगणकांची गणितं एकत्र करून क्रमवारी लागे आणि पहिले दोन संघ अंतिम सामना खेळत. बाकीच्या बड्या, हंगामअखेरच्या ‘बाउल’ सामन्यांतल्या जागा आधी सहा श्रीमंत गटांच्या विजेत्यांना जात. बॉयसीचा ‘वेस्टर्न ॲथलेटिक’ गट त्या सहांत नव्हता. प्रतिस्पर्धी दुबळे म्हणून मतं कमी, आणि मतं कमी म्हणून बडे प्रतिस्पर्धी भेटत नाहीत. त्या चक्रातून सुटायला जिंकत राहण्याखेरीज मार्ग नव्हता आणि नुसतं जिंकून भागत नव्हतं.

दार किलकिलं झालं ते नियमातल्या एका बदलाने. पूर्वी बाहेरच्या गटातल्या संघाला हक्काची जागा मिळवायची तर पहिल्या सहांत यावं लागे. २००६ पासून हे बडे सामने वाढले आणि ती अट पहिल्या बारापर्यंत सैल झाली. बॉयसी होतं आठवं. वर्षभर आधीचाच नियम असता तर ग्लेनडेलच्या ‘फिएस्टा बाउल’चं हक्काचं आमंत्रण त्यांना मिळालं नसतं.

सामन्यात बॉयसीने आधी अचंबित केलं. तिसऱ्या सत्रात मार्टी टॅडमनने ओक्लाहोमाचा पास अडवून २७ यार्ड पळत टचडाउन केला आणि फलक झाला २८-१०. मग घसरण सुरू झाली. ओक्लाहोमाने मारलेला एक चेंडू बॉयसीच्या खेळाडूच्या पायाला लागला आणि ओक्लाहोमाने तो परत मिळवला. अंतर कमी होत होत शेवटच्या दीड मिनिटात ओक्लाहोमाने २८-२८ अशी बरोबरी साधली. पुढच्याच खेळीत झब्रान्स्कीने चेंडू थेट मार्कस वॉकरच्या हातात फेकला आणि वॉकर ३३ यार्ड पळून गेला. एक मिनिट दोन सेकंद बाकी, ३५-२८. हातातोंडाशी आलेला घास गेला. जॉर्जियाचा तो सामना पाहिलेल्यांना झब्रान्स्कीचा चेहरा ओळखीचा वाटला असणार.

नंतर आली ‘सर्कस’.

जादा वेळेत दोन्ही संघांना २५ यार्डावरून एकेक संधी. ओक्लाहोमाकडे होता ॲड्रियन पीटरसन, पुढे व्यावसायिक फुटबॉल गाजवणारा धावपटू. ऑक्टोबरात गळ्याचं हाड मोडल्यानंतरचा हा त्याचा पहिलाच सामना. पहिल्याच खेळीत तो २५ यार्ड सरळ पळत गेला. ४२-३५.

बॉयसीची संधी रडतखडत चौथ्या प्रयत्नावर आली. या वेळी झब्रान्स्की बाजूला पळाला, चेंडू थेट विनी पेरेटाकडे गेला. फेकणं हे पेरेटाचं काम नव्हे. त्याने उजवीकडे धाव घेतली आणि पळता पळता डेरेक शाउमनकडे चेंडू फेकला. टचडाउन. ४२-४१.

एक गुण घेतला तर बरोबरी आणि खेळ चालू. पण थकलेल्या, अंगाने हलक्या संघाने ओक्लाहोमासमोर आणखी किती वेळ टिकायचं? प्रशिक्षक पीटरसन यांनी दोनसाठी जायचं ठरवलं. एक चाल, एकच संधी.

बॉयसीचे तीन खेळाडू उजव्या बाजूला पसरले. झब्रान्स्कीने चेंडू घेतला, उजवा हात उगारला आणि उजवीकडे फेकला. निदान बघणाऱ्यांना तसं दिसलं. ओक्लाहोमाचा बचाव त्या दिशेला धावला. उगारलेल्या हातात काहीच नव्हतं. चेंडू डाव्या हातात, पाठीमागे लपवलेला. मागून येणाऱ्या इयन जॉन्सनने तो उचलला आणि डावीकडे मोकळ्या रानात शिरला. उगारलेल्या हातामुळे या चालीला ‘स्टॅच्यू ऑफ लिबर्टी’ म्हणतात आणि ती या खेळातली शंभरेक वर्षं जुनी चकवाचकवी आहे. थोड्या फौजेने मोठ्या फौजेशी समोरासमोर भिडायचं नसतं हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. ४३-४२.

टीव्हीचे कॅमेरे धावले ते जॉन्सनकडे. त्याने थेट प्रक्षेपणातच गुडघा टेकला आणि संघाची चिअरलीडर असलेल्या आपल्या मैत्रिणीला लग्नाची मागणी घातली. तिने होकार दिला.

आठवड्याने, ८ जानेवारीला, त्याच स्टेडियममध्ये फ्लोरिडाने ओहायो स्टेटला ४१-१४ असं हरवून राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. फ्लोरिडाच्या नावावर एक पराभव होता. वरच्या श्रेणीत त्या हंगामात एकही सामना न हरलेला संघ एकच, बॉयसी स्टेट, तेरापैकी तेरा. असोसिएटेड प्रेसच्या अंतिम यादीत ६५ मतदारांपैकी ६४ जणांनी फ्लोरिडाला पहिलं ठेवलं, एकाने बॉयसीला. यादीत बॉयसीचा क्रमांक लागला पाचवा. तीन वर्षांनी हेच पुन्हा घडलं. २००९ च्या हंगामात चौदापैकी चौदा सामने जिंकले, याच स्टेडियमवर फिएस्टा बाउल जिंकला, आणि क्रमांक चौथा.

क्रमवारीचा वाद मात्र शमला नाही. न हरलेल्या संघाने आणखी काय करायचं, हा प्रश्न दरवर्षी नव्या नावानिशी येत राहिला आणि बॉयसीचं उदाहरण त्यात हमखास असे. २०१४ मध्ये चार संघांची बाद फेरी आली. त्या हंगामात बॉयसी पुन्हा फिएस्टा बाउलमध्ये होतं, बाद फेरीबाहेरच्या पाहुण्याच्या जागेवर. मुख्य प्रशिक्षक होते तेच ब्रायन हार्सिन. ॲरिझोनाविरुद्ध सुरुवातीलाच क्वार्टरबॅकने हात उगारला, चेंडू पाठीमागून जे अजायीकडे गेला आणि तो ५६ यार्ड पळाला. आठ वर्षं अमेरिकाभर दाखवली गेलेली चाल पुन्हा चालून गेली.

२०२४ मध्ये बाद फेरी बारा संघांची झाली आणि छोट्या गटातल्या विजेत्यालाही हक्काची जागा मिळाली. त्या हंगामात एकूण २,६०१ यार्ड पळालेल्या ॲश्टन जेंटीच्या जोरावर बॉयसीला तिसरं मानांकन आणि थेट उपांत्यपूर्व फेरी मिळाली. सामना ३१ डिसेंबरला, ग्लेनडेलच्या त्याच स्टेडियममध्ये होता. पेन स्टेटने तो ३१-१४ असा जिंकला. वरच्या श्रेणीच्या विजेतेपदाच्या वाटेवर बॉयसी पहिल्यांदाच आलं होतं आणि या वेळी ते मतदानाने नाही, मैदानावर बाहेर पडलं.