नमन मोबाईलवर आले, आता दादही परत येऊ द्या

शिमगा आला की आपल्याकडे नमनाला रंग चढतो. मृदंगावर थाप पडते, गण होतो, गवळण येते. मधेच संकासूर उठतो आणि समोर बसलेल्या एखाद्या आजोबांची फिरकी घेतो. आजोबाही गप्प बसत नाहीत. त्या उलट उत्तराला जो हशा पिकतो, त्यातच खेळाची निम्मी गंमत. गणपतीतल्या जाखडीचेही तेच. शक्तीवाल्यांनी सवाल टाकायचा, तुरेवाल्यांनी जबाब द्यायचा आणि वाडीने दाद द्यायची.

२०२० साली मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि हे सगळे थांबले. नाट्यगृहे बंद झाली, चाकरमानी मुंबईत अडकले. त्याच वर्षी जुलैत हृषीकेश जोशी यांनी 'मोगरा' हे नाटक इंटरनेटवर सादर केले. कलाकार आपापल्या घरी, प्रेक्षक आपापल्या घरी, आणि प्रयोग मात्र त्याच वेळी चाललेला, जिवंत. या प्रकाराला नाव मिळाले 'नेटक'. पुढे नाट्यगृहे उघडली, पण मोबाईलवरून खेळ दाखवायची सवय वाड्यावाड्यांत राहिली.

मध्यंतरी शिमग्यात कामानिमित्त संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत मुक्काम पडला. रात्री नमन होते. एका पोराने बांबूला मोबाईल बांधून खेळ थेट दाखवायला सुरुवात केली. मुंबई, नालासोपारा, एकजण तर थेट कुवेतहून बघत होता. खाली त्यांचे निरोप पडत होते. ते वाचतंय कोण? कोणीच नाही! कुवेतवाल्याने लिहिले होते, "आय म्होरंच बसलीय, तिला सांगा मी बगतोय." सकाळी ते पोराच्या नजरेला पडले. म्हातारीला सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "रातच्यालाच सांगायचास ना रं, हात तरी केला असता."

वाचकहो, यात पोराची चूक नाही. आम्ही शेती खात्यातली माणसेही तेच करतो. टाळेबंदीत ऑनलाईन सभा झाल्या. आंब्यावरच्या तुडतुड्यावर तासभर भाषण, शेतकऱ्यांचे माईक बंद. "काही प्रश्न?" असे विचारेपर्यंत निम्मी मंडळी उठून गेलेली.

वास्तविक हा धडा जुनाच आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळे काढली होती. मंडळाने रेडिओसमोर एकत्र बसून ऐकायचे, चर्चा करायची, प्रश्न कळवायचे आणि त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमात मिळायची. यंत्र एकतर्फी होते, पण बोलणे दुतर्फी झाले. आज यंत्र दुतर्फी आहे आणि बोलणे एकतर्फी!

तेव्हा मंडळांनी चार गोष्टी कराव्यात. एक, निरोप वाचायला एक माणूस कायम बसवा. तो निरोप संकासुराच्या कानात सांगा. पुढचे काम संकासूर चोख करील. दोन, मोबाईल मृदंगाला खेटून ठेवू नका, नाहीतर गाणे ऐकूच जात नाही. तीन, रेंज आणि बॅटरी आदल्या रात्री त्याच जागेवर, त्याच वेळी तपासा. चार, बक्षीस मोबाईलवरून घ्यायचे तर मंडळाच्या खात्यातच घ्या आणि देणाऱ्याचे नाव तिथल्या तिथे पुकारा.

मुंबईत प्रयोग असेल तेव्हा उलट करा. गावात देवळासमोर पडदा लावा, म्हाताऱ्याकोताऱ्यांना बसवा आणि त्यांचा आवाज तिकडे रंगमंचावर ऐकू जाईल अशी सोय करा.

अनेक वाड्यांत आज घरांना कुलपे आहेत. खेळ्यांत नाचायला पोरे कमी आणि बघायला माणसे त्याहून कमी. बाहेर गेलेला माणूस मोबाईलवर नुसता बघत राहिला तर एक दिवस तेही सोडील. पण संकासुराने त्याचे नाव घेऊन त्याची टर उडवली, तर पुढच्या शिमग्याला तो रजा टाकून येईल.

येत्या शिमग्याला एवढे करून बघा.