जमिनीवर राहणारा हिप्पासा कोळी व त्याचा नैसर्गिक अधिवास

प्रस्तावना :
लायकोसिडी कुलातील बहुतांश कोळी जाळे न विणता जमिनीवर फिरून किंवा दबा धरून शिकार करतात. म्हणून त्यांना 'लांडगा कोळी' म्हणतात. याच कुलातील हिप्पासा ॲजेलेनॉइडिस ही प्रजाती मात्र जाळे विणते. भारतापासून तैवानपर्यंत आढळणाऱ्या या प्रजातीचे वर्णन फ्रेंच कोळीतज्ज्ञ यूजीन सिमाँ यांनी १८८४ मध्ये केले. नरसाळ्यासारखे जाळे विणणाऱ्या ॲजेलेना या भिन्न कुलातील कोळ्याशी तिचे असलेले साम्य नावातच नोंदलेले आहे.

जाळे व जीवनक्रम :
गवताच्या काड्यांना बांधलेली आडवी रेशमी चादर आणि तिच्या एका बाजूस जमिनीकडे उतरणारी नळी, अशी या जाळ्याची रचना असते. कोळी नळीच्या तोंडाशी बसतो. चादरीवर कीटक उतरताच कंपने त्याच्यापर्यंत पोहोचतात; तो धावत येऊन भक्ष्य पकडतो व आत नेतो. धोका जाणवल्यास तो नळीत दडतो. मादी अंड्यांचा गोल कोष शरीराच्या मागील टोकाला जोडून वागवते आणि बाहेर पडलेली पिले काही काळ तिच्या पाठीवर राहतात.

अधिवास :
या प्रजातीला तीन गोष्टी लागतात : जाळ्याला आधार देणारे गवत, लपण्यास भेगा किंवा बुंध्यालगतच्या पोकळ्या आणि पुरेसे कीटक. भटक्या लांडगा कोळ्याला जागा बदलणे सोपे असते. जाळे विणणारा हिप्पासा मात्र जागेशी बांधला जातो. त्यामुळे जमिनीचे सपाटीकरण, गवत जाळणे किंवा फरसबंदी यांमुळे त्याचा निवारा आणि शिकारीचे साधन एकदमच नष्ट होतात.

अंबरनाथच्या संदर्भात :
अंबरनाथ पश्चिमेस शस्त्रास्त्र कारखान्याचा परिसर व रेल्वेमार्ग आहे. वाढत्या शहरात अशा आवारांतील आणि रुळांलगतची गवताळ जमीन 'पडीक' समजली जाते. वस्तुतः कीटकांची संख्या मर्यादित ठेवणाऱ्या भक्षकांचे ते वसतिस्थान ठरू शकते.

निष्कर्ष :
महाविद्यालयाच्या आवारात गवताचा एक पट्टा न कापता राखणे खर्चिक नाही. पावसाळ्यानंतरच्या दवभरल्या सकाळी जाळी स्पष्ट दिसतात. एक चौरस मीटरच्या चौकटी आखून विद्यार्थ्यांना, एकही कोळी न पकडता, दरवर्षी त्यांची मोजणी करता येईल. जमिनीला मोकळी म्हणण्यापूर्वी तिच्यावर कोण राहते, हे त्यातून कळेल.