थांबून राहणारी अंडी

पोरांनो, मिरगाचे दोन-चार पाऊस पडले की वाशीमच्या घराघरांतला कूलर माळ्यावर जातो. पाणी ओतून दिलं, उन्हात वाळवला, झालं. पण आत पत्र्यावर पाण्याची जी रेघ उमटलेली असते ना, तिच्या जरा वर बारीक काळे कण चिकटलेले राहतात. अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचे. ती एडिस इजिप्तीची अंडी, म्हणजे डेंगी पसरवणाऱ्या डासाची. पायांवर पांढरे पट्टे, चावतो दिवसाढवळ्या, आणि चावते ती फक्त मादी, कारण अंडी घडवायला तिला रक्त लागतं.

आता नवल ऐका. दोन-तीन दिवसांत अंड्याच्या आत अळी पुरती तयार होते, पण बाहेर येत नाही. भोवतीचं कवच आतला ओलावा सुटू देत नाही. असं कोरडं अंडं सहा-सहा, आठ-आठ महिने जिवंत राहू शकतं. कूलर पुन्हा खाली काढला, पाणी भरलं, की काही अंडी फुटतात. सगळी नाही बरं! पहिल्या सरीवर भरवसा न ठेवता थोडं बियाणं घरात राखणारा शेतकरी असतो, तसं हे आहे. उरलेली अंडी पुढच्या भिजण्याची वाट बघतात. ही जात मूळची आफ्रिकेच्या रानातली. झाडांच्या ढोलीत साचलेलं पाणी तिथं कधी असे, कधी आटे, तिथंच तिनं ही युक्ती कमावली. पुढं जहाजांतल्या पाण्याच्या पिंपांतून ती जगभर गेली.

आपल्याकडे नळ काही रोज येत नाही. टिपाड, रांजण, सिमेंटचं टाकं भरून ठेवावंच लागतं, त्यात कुणाचा दोष नाही. मला कळकळीनं सांगायचंय ते एवढंच, की नुसतं पाणी ओतून देऊ नका. त्यानं अळ्या जातात, अंडी तशीच राहतात. काथ्यानं आतल्या भिंती काठापर्यंत खसखसून घासा, धुतलेलं पाणी कोरड्या मातीवर टाका, मग भरा आणि तोंडावर फडकं घट्ट बांधा. अंडं फुटल्यापासून डास उडेपर्यंत आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आशाताई आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. ढोरांचा मोठा हौद दर आठवड्याला कोण उपसणार? त्यात गप्पी मासे सोडावेत, ते अळ्या खातात.

एक गोष्ट राहिली. मादीच्या अंगात विषाणू बहुतेक वेळा येतो तो आजारी माणसाच्या रक्तातून. तिच्या पोटातून लाळेत पोचायला त्याला आठ-बारा दिवस लागतात, आणि मग ती मरेपर्यंत तो पसरवत राहते. ती फार लांब उडतही नाही, शे-दोनशे मीटरच्या आतच फिरते. म्हणजे आपल्या घरातल्या तापाचा पहिला धोका आपल्याच गल्लीला. म्हणून ताप आलेल्याला पहिला आठवडाभर भरदुपारीही मच्छरदाणीतच निजवा. लगेच डॉक्टरांकडे न्या, आणि तोवर ताप उतरवायला पॅरासिटामॉल चालेल, पण ॲस्पिरिन किंवा ब्रुफेन घरच्या घरी देऊ नका. डेंगीत त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.