शेकरांची डबी शिकताना

निवृत्तीनंतर इतिहास शिकायचा, तर थोडा हातांनीही शिकावा. ज्येष्ठांना आठवडाभर कॉलेजच्या वसतिगृहात ठेवून शिकवणारा ‘एल्डरहॉस्टेल’ हा उपक्रम १९७५ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये सुरू झाला. त्याच राज्यात कँटरबरी इथे शेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचे जुने गाव संग्रहालय म्हणून जपले आहे.

या पंथाची प्रणेती, इंग्लंडमधल्या मँचेस्टरची ॲन ली १७७४ मध्ये मोजक्या अनुयायांसह अमेरिकेत आली. ब्रह्मचर्य, सामाईक मालमत्ता, नेतृत्वात स्त्री-पुरुष बरोबरीने आणि नेटके काम, अशी पुढे पंथाची घडी बसली.

त्यांची लंबगोल डबी म्हणजे नवशिक्यांसाठी फर्मास धडा! मेपलची पातळ पट्टी गरम पाण्यात भिजवून साच्याभोवती वळवायची. टोकाला कोरलेल्या निमुळत्या ‘बोटां’मुळे लाकूड फुगले-आकसले तरी पट्टी सहसा चिरत नाही. खिळे तांब्याचे, म्हणजे गंजायची चिंता नाही. हातोडी नको असेल, त्यांनी खुर्चीची बैठक विणावी; कापडी पट्टी एकाआड एक, थेट नवारीच्या खाटेसारखी.

गंमत म्हणजे विसाव्या शतकात यातल्या काही कला वयस्क शेकर भगिनींनीच टिकवल्या. पॉप्लर लाकडाच्या बारीक पट्ट्या विणून त्या शिवणाच्या पेट्या मढवत आणि पर्यटकांना विकत.