नाटकातल्या कुणालचे खरे नाव

भीमजयंतीसाठी आम्ही अमरावतीत एकांकिका बसवीत होतो. विषय अकोला जिल्ह्यातील एका तरुणाच्या खुनाचा. मजुरीचा हिशेब मागितला, एवढाच त्याचा गुन्हा. खटला चालू होता, म्हणून वकील म्हणाले, खरे नाव घालू नका. मग नायकाला नाव कोणते द्यावे?

जपानच्या नाटककारांपुढेही हाच पेच होता. तिथे १७०३ साली ४७ सामुराईंनी धन्याच्या मृत्यूचा सूड घेतला आणि त्यांतील ४६ जणांना सरकारी हुकमाने पोट चिरून मरावे लागले. अशा खऱ्या सामुराईंची नावे रंगभूमीवर आणायला शोगुनच्या राजवटीत बंदी. म्हणून १७४८ च्या ‘कानादेहोन चुशिंगुरा’ या बाहुलीनाट्यात सारी कथा चौदाव्या शतकात नेली आणि पुढारी ओइशी कुरानोसुके याचा ओबोशी युरानोसुके केला. प्रेक्षक काय ते समजले. धन्यासाठी मरण्याचे ते तत्त्वज्ञान आम्हाला पटत नाही, सूड तर धम्मात बसतच नाही. पण युक्ती आवडली.

नावाच्या बाबतीत आपण पोळलेले लोक. शूद्राचे नाव निंदासूचक असावे, असे मनुस्मृती सांगते. आमच्या आजोबांच्या पिढीत कचरू, धोंड्या, दगडू घरोघर. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर पाळण्यात सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, संघमित्रा आली. त्यांतलेच कुणाल आम्ही निवडले. सम्राट अशोकाचा हा पुत्र. त्याची सावत्र आई तिष्यरक्षिता कपटाने त्याचे डोळे काढविते, अशी ‘अशोकावदाना’त कथा आहे. मूळ नावाशी एक अक्षर जुळतही होते. कोणते, ते इथे सांगत नाही.

तालमीला मुलाची आई अकोल्याहून आली. कुणाल कोण, हे तिने विचारून घेतले. शेवटी त्याला दृष्टी परत मिळते, हेही आम्ही भाबडेपणाने सांगून बसलो.

“मंग माह्या पोराले बी शेवटी जित्ता ठेवा नं भाऊ.”

आम्ही गप्प. मारेकरी मोकळे फिरत असताना मेलेला मुलगा जिवंत दाखवायचा कसा? शेवटी नाही म्हणावे लागले.

“मारणारच असान, त मंग त्याचंच नाव घ्या,” म्हणाली आणि चहा न घेता निघाली.

आम्ही वकिलांचे ऐकले. प्रयोगात नाव कुणालच राहिले. पण शेवटच्या प्रवेशात आईचे काम करणाऱ्या बाईने मांडीवरच्या मुलाला खऱ्या नावाने हाक मारली. तालमीत हे नव्हते. पुढे बसलेल्या बायांनी पदर तोंडाला लावले. पडदा पडल्यावर वकिलांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही बाईला एक शब्द बोललो नाही.